भालेराव सर आणि न आलेले फुवा

भालेराव सर बोलावल्याशिवाय जेवायला उठत नसत. यात काय विशेष, असं कोणी म्हणेल. पण आमच्या ऑफिसात माणसं दोनच, सर आणि मी, आणि दोघांच्या टेबलांमध्ये जेमतेम हातभर अंतर. मी डबा उघडायचे, शेंगदाण्याच्या चटणीचा वास खोलीभर पसरायचा, सरांचा स्वतःचा डबा त्यांच्या कोपराशी असायचा आणि सर पडद्याकडे बघत बसून राहायचे. माझ्या पहिल्या दिवशी मी मोघम "जेवू या आता" असं म्हटलं. सर हलले नाहीत. मला वाटलं, उपास असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी आमचे मालक सुपडूभाऊ कशाला तरी वर आले, त्यांनी एकदा माझ्या अर्ध्या भाकरीकडे आणि एकदा सरांच्या बंद डब्याकडे पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "ताई, त्यासले नाव लिसन बलावनं पडस."

मग मी सरळ म्हटलं, "भालेराव सर, चला जेवायला."

सर तत्काळ उठले, हात धुऊन आले, रुमाल अंथरला आणि म्हणाले, "हो हो, चला. आठवणीने बोलावलंत, बरं वाटलं." परगावच्या पाहुण्याने म्हणावं तसं. मला हसू आवरेना. पण पुढे दोन वर्षं मी रोज दुपारी त्यांना नाव घेऊन बोलावत राहिले, आणि एकदाही त्यांनी "आठवणीने बोलावलंत" म्हणायचं चुकवलं नाही. आता सर नाहीत, म्हणून हे लिहायला बसले आहे. ते असते तर आधी त्यांची परवानगी घ्यावी लागली असती, आणि तीही नाव घेऊन.

ही गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची, जळगावची. सुपडूभाऊंचं कूलरचं दुकान होतं. जळगावच्या उन्हाळ्यात कूलर विकायला अक्कल लागत नाही, पण उरलेले आठ महिने करायचं काय, म्हणून त्यांनी दुकानाच्या माडीवर दोन कॉम्प्युटर मांडले आणि पाटीवर कूलरखाली 'सॉफ्टवेअर' असं लिहून घेतलं. सॉफ्टवेअर म्हणजे काय हे त्यांनी आम्हाला कधी विचारलं नाही आणि आम्हीही त्यांना खाली विकायला ठेवलेला इन्व्हर्टर म्हणजे काय ते विचारलं नाही. मी नुकती बीएस्सी होऊन कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली. सर चाळिशीतले, जाड भिंगांचा चष्मा, पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट. भुसावळला रेल्वेच्या ऑफिसात कायम नोकरीवर होते, ती सोडून, वहिनींना घेऊन जळगावात बिऱ्हाड करून, ते या माडीवर आले होते.

रेल्वेची नोकरी सोडली हे भुसावळात सांगायची सोय नव्हती. सरांचे वडील आयुष्यभर लोको शेडमध्ये फिटर. ज्या पोराला रेल्वे कॉलनीत वाढवलं, रेल्वेच्या शाळेत घातलं, रेल्वेत चिकटवलं, त्याने एका कूलरवाल्याच्या माडीवर जाऊन बसावं, याचा त्यांना असा धक्का बसला की त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, "तुझी ती वस्तू कोणाच्या कामी आली की मग ये." त्यानंतर सर घरी गेले नव्हते. जळगाव ते भुसावळ गाडीने अर्धा तास. पण सर म्हणायचे, "वस्तू अजून कोणाच्या कामी आलेली नाही. कसं जाऊ?" आणि खरंच, आमची वस्तू तोवर कोणाच्याही कामी आलेली नव्हती.

सरांचं खरं वेड म्हणजे ड्रायव्हर. आता हे काय असतं ते सांगते. रुग्णांची, गिऱ्हाइकांची, कोणाची माहिती जिथे साठवलेली असते तो डेटाबेस. आपण लिहिलेल्या प्रोग्रामला त्याची भाषा कळत नाही. मध्ये एक दुभाषा लागतो, तो ड्रायव्हर. प्रत्येक डेटाबेसचा दुभाषा निराळा. गंमत अशी की हा दुभाषा हार्ड डिस्कवर नुसता येऊन पडलेला असून भागत नाही. प्रोग्राम सुरू होताना त्याचं पूर्ण नाव घेऊन त्याला हाक मारावी लागते. नाव म्हणजे तरी केवढं, कंपनी, त्यात तिची शाखा, त्यात आणखी काहीतरी, मध्ये टिंबं, आणि अगदी शेवटी त्याचं स्वतःचं नाव. गाव, गल्ली, आडनाव घेऊन हाक मारण्यासारखं. तशी हाक मारली की तो उठून मेमरीत येऊन बसतो आणि कामाला लागतो. नाही मारली तर पडद्यावर येतं, योग्य ड्रायव्हर नाही.

माझ्या पहिल्याच प्रोग्रामला हे आलं. मी वैतागले. फाईल तर समोर दिसते आहे, मग नाही म्हणजे काय? सर खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले.

"विद्याताई, तो मांडवात आहे, मान्य. पण पंगतीत नाही. का नाही?"

"का?"

"आवतण दिलं, पण जेवायच्या वेळी बोलावणं कोणी केलं? पत्रिका वाटली म्हणजे माणूस पाटावर येऊन बसतो का? ताटं मांडली की घरोघर जाऊन 'चला हो' म्हणावं लागतं. तुम्ही म्हटलंत?"

मी म्हटलं नव्हतं. एक ओळ लिहिली, ड्रायव्हरचं पूर्ण नाव घातलं, आणि प्रोग्राम सुरळीत चालला. इतक्या सोप्या भाषेत मला ते डिप्लोमात कोणी शिकवलं नव्हतं. सर समाधानाने मान हलवत म्हणाले, "बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि कोणाला बोलवायचं राहू नये. आमच्या घरात एवढी दोनच तत्त्वं आहेत."

पहिलं तत्त्व डब्यापुरतं होतं, त्याचा त्रास फक्त मला. दुसऱ्या तत्त्वाने मात्र सगळ्यांचा घाम काढला. कोणाला बोलवायचं राहू नये म्हणून सर आपल्या प्रत्येक प्रोग्राममध्ये त्यांना ठाऊक असलेले झाडून सगळे ड्रायव्हर बोलवायचे. गरज असो नसो. जुन्या डॉसच्या फायली वाचणारा एक होता, त्याला ते मामा म्हणायचे. नव्या डेटाबेसचा एक, तो जावई. आणि एका जगप्रसिद्ध महागड्या डेटाबेसचा एक ड्रायव्हर कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर सापडला होता, तो फुवा, म्हणजे आत्याचा नवरा. हा डेटाबेस आमच्या माहितीत उभ्या जिल्ह्यात कोणाकडे नव्हता. पण फुवांना रोज बोलावणं जायचं. प्रोग्राम सुरू केला की पडद्यावर इंग्रजी लिपीत ओळी यायच्या, 'मामा आले', 'जावई आले', आणि मग कॉम्प्युटर बराच वेळ कुरकुर करायचा, कारण फुवा अंगाने मोठे होते, आणि शेवटी 'फुवा आले' असं उमटलं की काम सुरू.

सुपडूभाऊ एकदा गिऱ्हाइकाला घेऊन वर आले असताना हा सोहळा चालू होता. चहा आला, चहा संपला. गिऱ्हाईक उठून गेलं. सुपडूभाऊ खांद्यावरच्या रुमालाने मान पुसत म्हणाले, "भालेराव साहेब, हाई कॉम्प्युटर शे का नवरदेवनी घोडी? हालसच नही."

मी म्हटलं, "सर, फुवा काढून टाकू. त्यांचं इथे कामच काय?"

सर गंभीर झाले. "काम नाही म्हणून बोलवायचं नाही? फुवा कधी कामाचे असतात का?"

मग मला कळलं की हे प्रकरण जुनं आहे. सरांच्या बहिणीचं लग्न भुसावळला झालं. बुद्धवंदना घेऊन, मुहूर्त नाही, हुंडा नाही, सगळं नेटकं. "मुहूर्त आम्ही सोडला," सर म्हणाले, "पण मानपान सुटला नाही." वरण-बट्टी तयार, वांग्याची भाजी तयार, पाहुणे रांगेने बसलेले, आणि सरांचे खरेखुरे फुवा दिसेनात. शोधाशोध केली तर ते स्टेशनवर तीन नंबरच्या फलाटावर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. त्यांना आवतण होतं, पत्रिका होती, पण जेवायला चला म्हणून नाव घेऊन कोणी हाक मारली नव्हती. वडिलांनी फलाटावर जाऊन हात जोडले. फुवांनी तीन गाड्या मनमाडकडे जाऊ दिल्या, पण गाडीतही बसले नाहीत आणि उठलेही नाहीत. ते आले तेव्हा बट्ट्या इतक्या कडक झाल्या होत्या की वरपक्षाच्या एका काकांनी बट्टी फोडायला अडकित्ता मागितला. "तेव्हापासून," सर म्हणाले, "मी ठरवलं. आला नाही तरी चालेल. पण बोलावलं नाही असं व्हायला नको."

अर्थात आला नाही तरी चालेल हे सर नुसतं म्हणायचे. प्रोग्राममध्ये त्यांनी काय लिहून ठेवलं होतं ते आम्हाला धुळ्याला गेल्यावर कळलं.

धुळ्याचं काम म्हणजे एक प्रसूतिगृह. डॉक्टरीणबाई कडक. त्यांच्याकडे डॉसच्या काळातला एक जुना प्रोग्राम होता, त्यात आधीच्या सगळ्या बाळंतिणींची माहिती होती, पण तो आता धड उघडत नव्हता. जुनी माहितीही दिसावी आणि नवी नोंदही व्हावी, असा प्रोग्राम आम्ही लिहिला होता. म्हणजे मामा आणि जावई, दोघांची एकाच पंगतीत सोय. आधीच्या दोन खेपांना प्रोग्राम चढवायच्या आधीच काही ना काही बिनसलं होतं. तिसऱ्या खेपेला निघताना सुपडूभाऊ जिन्यात उभे राहून म्हणाले, "धुयानं काम जमनं तं ठीक. नही तं वर कूलर ठेवसू."

म्हणजे माडी जाणार. माझं काय, मी कुठेतरी शिकवण्या केल्या असत्या. सरांना रेल्वे परत घेणार नव्हती आणि वडील तर नाहीच नाही. एसटीत सर खिडकीशी बसून फ्लॉप्यांचा डबा मांडीवर धरून होते. पारोळा येईपर्यंत त्यांनी त्या तीनदा मोजल्या.

प्रसूतिगृहात टेबलापाशी डॉक्टरीणबाईंचे सासरे बसलेले असायचे. सगळे त्यांना नाना म्हणत. वय झालेलं, धोतर, टोपी, दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ला देणं हाच उद्योग. बाळंतिणीला काय खायला घालावं इथपासून भिंतीला रंग कोणता लावावा इथपर्यंत नानांना सगळ्यात मत होतं. सून त्यांच्यापुढे एक अक्षर बोलायची नाही आणि त्यांचं एक अक्षर ऐकायचीही नाही.

सरांनी फ्लॉप्या घातल्या, प्रोग्राम चढवला, सुरू केला. 'मामा आले.' 'जावई आले.' आणि मग 'फुवांची वाट पाहत आहोत.'

थोड्या वेळाने पुन्हा, 'फुवांची वाट पाहत आहोत.' आणि पुन्हा. ओळींखाली ओळी.

मी सरांकडे पाहिलं. सरांचा चेहरा उतरला होता. फुवा फ्लॉपीत मावले नव्हते. इतक्या मोठ्या फायली फ्लॉपीवर येत नाहीत हे सरांना पक्कं माहीत होतं, पण निघायच्या गडबडीत लक्षातच राहिलं नाही, आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फुवा कायम मुक्कामालाच असल्यामुळे ही वेळ कधी आलीच नव्हती. आणि सरांनी लिहिलं होतं असं, की जो आला नसेल त्याला पुन्हा हाक मारायची, तो येईपर्यंत मारत राहायची, आणि तोवर पंगत बसवायची नाही.

नेमकी त्याच वेळी साक्रीकडून एक जीप आली. आतली बाई कळांनी बेजार. बेबाबाई नाव, आधीचं बाळंतपण इथेच झालेलं. डॉक्टरीणबाई तिला आत घेता घेता आमच्याकडे वळल्या. "हिला मागच्या वेळी काहीतरी मोठा त्रास झाला होता, मला नीट आठवत नाही. तुमच्या त्यात जुनं दिसणार होतं ना? दिसलं तर आत सांगा. नाही दिसलं तर मी बाहेर यायच्या आत हे सगळं उचलून घेऊन जा."

मी सरांच्या कानाशी लागले. "सर, फुवांची ओळ खोडा. मिनिटाचं काम आहे."

सरांचा हात कीबोर्डवर होता, पण हलेना. "विद्याताई, हाक मारून झाली आहे. हाक मारल्यावर नाव खोडायचं? भर मांडवात?"

असा राग आला मला. आत बाई कण्हते आहे, बाहेर आमची नोकरी चालली आहे, आणि हा गृहस्थ एका न आलेल्या, न लागणाऱ्या, कधीच कोणी न वापरलेल्या फाईलचा मान राखतो आहे. मी तोंड उघडणार तोच नाना काठी टेकत पडद्याजवळ आले. चष्मा वर करून त्यांनी एक एक इंग्रजी अक्षर जुळवलं. "फुवांची... वाट..." मग माझ्याकडे वळून अगदी सहज म्हणाले, "फुवा उनात नही का आजून? मंग थांबनं पडी."

मी कपाळाला हात लावला. फुवा आले नाहीत तर थांबायचं, असं म्हणणारे एकाचे दोन झाले.

सर मात्र घरचं माणूस भेटल्यासारखे त्यांच्याकडे वळले. "नाना, थांबायला वेळ नाही हो. आत बाई अडली आहे. आणि फुवा यायचेच नाहीत, ते जळगावला राहिले."

नाना विचारात पडले. काठीवर हनुवटी टेकवून त्यांनी बराच विचार केला. मला तर वाटलं डुलकी लागली. मग म्हणाले, "त्यासनं ताट वाढी ठेवानं. झाकी ठेवानं. नि पंगत बठाडी देवानी. उनात तं उनात, नही तं राहिनं."

 सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि ते खटाखट लिहायला लागले. फुवांचं नाव जिथल्या तिथे राहू दिलं. त्याखाली लिहिलं की हाक मारूनही कोणी आलं नाही तर त्याच्या नावाने एक रिकामी जागा राखून ठेवायची, 'ताट झाकून ठेवले आहे' असं दाखवायचं, आणि पुढे चालू लागायचं. प्रोग्राम लिहिणाऱ्याने हे पहिल्या दिवशीच लिहायला हवं होतं, हे मला पाठ होतं आणि सरांना माझ्याहून जास्त. पण त्यांना ते नियम म्हणून नको होतं, रीत म्हणून हवं होतं.

प्रोग्राम पुन्हा सुरू झाला. मामा आले, जावई आले. 'फुवांचे ताट झाकून ठेवले आहे.' आणि पडदा उघडला. बेबाबाईचं नाव घातलं, गाव घातलं, आणि जुन्या डॉसच्या फायलीतून मामांनी तिची मागची सगळी हकीकत आणून समोर ठेवली. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबला नव्हता, दोन बाटल्या रक्त द्यावं लागलं होतं. सिस्टर ते वाचून आत धावली. डॉक्टरीणबाईंनी आतूनच माणूस रक्ताच्या सोयीला पिटाळला.

नंतर आम्ही नुसते बाकावर बसून राहिलो. पुढचं काही आता आमच्या हातात नव्हतं. नाना सरांना सांगत होते की त्यांच्याही घरी असाच एक फुवा होता आणि त्याला शिरा आवडायचा. सर ऐकत होते, पण त्यांचं लक्ष दाराकडे होतं. मीही मनातल्या मनात कोणाकोणाला नवस बोलत होते.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मुलगी झाली होती. रक्तस्राव झाला, पण रक्त हाताशी होतं, बाई सुखरूप होती. त्यांनी हात पुसत पुसत पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे फुवा कोण?"

"आमचे एक नातेवाईक," सर म्हणाले.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "काही हलवू नका. आहे तसं ठेवा." आणि नव्या मुलीची नोंद त्यांनी स्वतः उभं राहून करवून घेतली.

परतीची एसटी धुळे-भुसावळ होती. सर पूर्ण रस्ताभर बोलत होते, फुवांविषयी, नानांविषयी, बट्ट्यांविषयी. जळगाव स्थानकात गाडी थांबली. मी पिशवी घेऊन उठले. सर उठले नाहीत.

"सर, जळगाव आलं."

"तुम्ही उतरा. वहिनींना निरोप द्या, म्हणावं सकाळी येतो."

गाडी भुसावळच्या दिशेने निघून गेली. मी स्थानकात उभी राहून बघत होते. मला तेव्हा फार भरून आलं, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी सर उशिरा आले. अंगात कालचाच शर्ट, पण इस्त्री केलेला. जागेवर बसले, कॉम्प्युटर सुरू केला नाही. मी विचारलं, "काय म्हणाले बाबा?"

सरांनी चष्मा काढला. "दार उघडलं. मी म्हटलं, बाबा, वस्तू कामी आली. एका बाईच्या कामी आली. तर म्हणाले, ते असू दे, आधी आत ये. मग बसल्यावर म्हणाले, दोन वर्षं काय करत होतास? मी म्हटलं, तुम्ही बोलवाल म्हणून थांबलो होतो."

"मग?"

"म्हणाले, मी रोज संध्याकाळी गेटपर्यंत येऊन बघत होतो. बापाच्या घरी यायला बोलावणं लागतं होय रे?"

सर हसत होते, आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते. मी माझ्या पडद्याकडे तोंड केलं आणि बराच वेळ उगाच काहीतरी लिहीत राहिले.